नवरदेव नसलेलं रिसेप्शन

निकाल लागला तेव्हा मी दुकानात होते. लकडगंजात आमचं प्लायवूड आणि सनमायकाचं दुकान आहे. पाटीवर नाव बाबांचं, पण दुपारपासून गल्ल्यावर बसते ती मी. सकाळी लॉ कॉलेज, दुपारी दुकान, अशी तीन वर्षं मी काढली होती. मोबाइलवर निकाल उघडला त्या वेळी समोर एक सुतार बिजागऱ्या निवडत उभा होता. म्हणून पहिली बातमी त्यालाच मिळाली.

"पास झाले. वकील झाले मी."

त्याने बिजागरी उघडझाप करून पाहिली आणि म्हणाला, "मंग आता भाव तं कमी करान ना, वकीलबाई?"

घरी बाबांनी बर्फी आणली. आईने देवापुढे दिवा लावला आणि मौद्याला मोठ्या बाबांना फोन केला. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मौद्याजवळची शेती ते पाहतात, आणि शेतीबरोबर आम्हा सगळ्यांची आयुष्यंही पाहतात. कोणाचं लग्न कुठे करायचं, कोणाला कुठे शिकायला पाठवायचं, हे त्यांनी ठरवायचं आणि बाबांनी मान हलवायची. बाबांनी साठी ओलांडली, पण भावाला 'नाही' म्हणताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

फोन स्पीकरवर होता.

"पास झाली? चांगलं झालं," मोठे बाबा म्हणाले. "आता एखादा वकीलच पाहू तिच्यासाठी. वय झालं, पण पोरगी शिकेल आहे म्हटलं तं भेटन कोणीतरी."

आई हसली. असं काही ऐकलं की ती हसते. ती सवय आहे, आनंद नाही. मी हातातला बर्फीचा तुकडा परत डब्यात ठेवला.

आता परदेशात असलेला माझा भाऊ इंजिनिअर झाला तेव्हा याच मोठ्या बाबांनी मौद्याला गावजेवण दिलं होतं. अंगणात मांडव घातला होता, भावाला फेटा बांधला होता, आणि मी पंगतीत वरण वाढत होते. तेव्हा कोणी म्हटलं नाही की आता याच्यासाठी एखादी इंजिनिअर पाहू. तो इंजिनिअर झाला, एवढ्यानेच गोष्ट पूर्ण झाली होती. मी वकील झाले तर ती बायोडेटातली एक ओळ झाली.

लग्न मी टाळलं असं नाही. स्थळं आली, पोहे झाले, काहींनी मला नाही म्हटलं, काहींना मी नाही म्हटलं. एकाने विचारलं होतं, "दुकानात बसणं सोडाल ना?" मी म्हटलं होतं, "तुम्ही नोकरी सोडाल का?" ती मंडळी बर्फी न खाताच उठली. तिशीनंतर मीच सांगितलं की आता बास. घरात कोणी त्याला निर्णय मानलं नाही. सगळ्यांनी त्याला नशीब म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी आईला म्हटलं, "मी रिसेप्शन करणार आहे."

"कोणाचं?"

"माझं. कॉलेजचा पदवीचा कार्यक्रम आहे ना, त्याच दिवशी संध्याकाळी. लॉनवर. स्टेज, जेवण, फोटो, सगळं."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता.

पत्रिका छापायला मी एकटीच गेले. प्रेसवाल्याने न बघताच कॉम्प्युटरवर गणपतीची फाइल उघडली आणि विचारलं, "मुलीकडचे का मुलाकडचे?"

"दोन्हीकडची मीच."

मग त्याने मान वर केली. मी मजकूर सांगितला. आमची मुलगी वकील झाली, त्या आनंदात सहभागी व्हायला या. त्याने नावाआधी 'चि. सौ. कां.' टाइप केलं. मी म्हटलं, काढा. त्याने 'कु.' टाइप केलं. मी म्हटलं, तेही काढा.

"मंग काय लावू मॅडम?"

"काही लावू नका. नावानंतर लावा. एलएल.बी."

त्याने खाली आपोआप 'कृपया आहेर आणू नये' टाकलं. तेही मी काढायला लावलं. इतकी वर्षं मी लोकांच्या लग्नात आहेर देत आले होते. माझ्याच वेळी नको कशाला?

शेवटी तो म्हणाला, "निमंत्रक?"

आमच्या घराण्याच्या प्रत्येक पत्रिकेत निमंत्रक म्हणून मोठ्या बाबांचं नाव असतं. बारसं असो, वास्तू असो, तेरवी असो. माझ्या डोळ्यांसमोर आई आली. मी लॉला प्रवेश घेतला त्या पहिल्या दिवसापासून ती रोज पहाटे उठून डबा करत होती, आणि "इतक्या सकाळी पोरगी कुठं जाते वं?" असं विचारणाऱ्या शेजारणींना तोंड देत होती. मी आईचं नाव सांगितलं. खाली बाबांचं. बस, दोनच.

पत्रिका मौद्याला पोचली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मोठे बाबा आमच्या दारात उभे राहिले. सोबत मोठी आई होती, त्यांची बायको. ती चपला काढून सरळ आत, आईकडे स्वयंपाकघरात गेली. मोठे बाबा सोफ्यावर बसले, पत्रिका खिशातून काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे काय आहे?"

"पत्रिका आहे, मोठे बाबा."

"ते दिसून राहिलं मले. लगन नाही, नवरदेव नाही, आन रिसेप्शन? लोकं हसतीन आपल्यावर."

"भाऊ इंजिनिअर झाला तेव्हा तुम्हीच जेवण दिलं होतं. तेव्हा कोणी हसलं नाही."

"त्याची गोष्ट वेगळी होती."

"काहून?"

'का'ऐवजी हा शब्द मी मुद्दाम त्यांच्या बोलीतला वापरला. ते बाबांकडे वळले.

"आन ह्या पत्रिकेत बायकोचं नाव वरतं टाकलं तुनं? घरात मोठा माणूस मेला का?"

बाबा खाली बघत होते. मी म्हटलं, "मजकूर मी दिला. बाबांना माहीतही नव्हतं."

"तू चूप राय. मी माह्या भावाशी बोलून राहिलो." मग बाबांना म्हणाले, "सांग तिले. लॉन कॅन्सल कर म्हणा. पाहिजे तं घरीच पूजा करू, चार लोकं बोलवू. सांग आत्ताच."

बाबा उठले. मला वाटलं, आता ते माझ्याकडे वळतील आणि नेहमीसारखं म्हणतील, दादा म्हणतात तर ऐकून घे. ते खिडकीपाशी गेले, पडदा सरळ केला, तो सरळच होता, आणि तिकडेच तोंड करून म्हणाले,

"मी नाही सांगत तिले, दादा."

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. मोठे बाबा उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "ठीक आहे. करा. नातलगातला एक माणूस येतो का पहाजो. मी सांगतो सगळ्यायले." मोठी आई चहाचा ट्रे हातात घेऊन बाहेर आली होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि ती त्यांच्यामागे गेली.

त्यांनी शब्द पाळला. फोन यायला लागले. खाप्याच्या आत्याकडे नेमकी त्याच दिवशी पूजा निघाली. मामांच्या गुडघ्यांनी अचानक दगा दिला. एका चुलतभावाने तर खरंच सांगितलं, "येतो म्हटलं असतं ताई, पण मोठे बाबा रागावतीन." त्याचा मला राग आला नाही. निदान गुडघ्यांवर तरी ढकललं नाही त्याने.

आई खचली. रात्री जेवताना म्हणाली, "घरीच करू वं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर कसं दिसेल ते? अन्न वाया जाईल."

"खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर मी एकेका खुर्चीवर बसेन. पण रद्द करणार नाही."

दुसऱ्या दिवशी केटररचा फोन आला, ताटं कमी करू का म्हणून. तो फोन आईने घेतला होता. ती म्हणाली, "कमी कायले करता? जेवढी सांगितली तेवढी करा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बोलाव आता कोणाले बोलवायचं ते."

मी बोलावलं. गल्ल्यावर बसल्याबसल्या बोलावलं. जो सुतार आला त्याला पत्रिका दिली आणि बजावलं, "एकटे यायचं नाही, बायकोला घेऊन यायचं." बिजागरीवाल्याला पहिली दिली. आरा मशीनवर लाकूड कापणाऱ्या लोकांना दिली. शेजारणींना तर सगळ्यांना, पहाटे कुठे जाते विचारणाऱ्यांना जास्त आग्रहाने. म्हटलं, इतके दिवस विचारत होता ना, कुठे जाते ते आता बघायला या.

पदवीच्या कार्यक्रमाला कॉलेजने दोन पालकांचे पास दिले होते. आई आणि बाबा माझ्यासोबत रिक्षाने आले. आईने तिची मोतिया रंगाची पैठणी नेसली होती. ती भावाच्या लग्नानंतर कपाटातच होती. दारावर एक विद्यार्थिनी स्वयंसेवक उभी होती. तिने आम्हा तिघांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "काकू, पालकांची लाइन तिकडे."

"पालक हे दोघं. विद्यार्थी मी आहे."

तिचा चेहरा पडला, "सॉरी मॅम" म्हणाली. मी तिला म्हटलं, "सॉरी नको, गाऊन कुठे मिळतो ते सांग." गाऊन एकाच मापाचे होते. माझा पायात येत होता, म्हणून आईने पर्समधून सेफ्टी पिना काढून खालून वर घेतला. तिथे, सभागृहाच्या पायऱ्यांवर, गुडघे टेकून. आजूबाजूची मुलं आपापल्या आयांसोबत सेल्फी काढत होती. माझी आई खाली बसून माझा गाऊन टाचत होती, शाळेच्या गॅदरिंगला टाचायची तसाच.

आत सूत्रसंचालकांनी आधीच सांगून टाकलं की पदवीधर बरेच आहेत, वेळ कमी आहे, तेव्हा टाळ्या सगळ्यात शेवटी एकदमच वाजवाव्यात. सगळ्यांनी ऐकलं. नाव पुकारलं जायचं, मूल चढायचं, फाइल घ्यायचं, फोटो, खाली. सगळं शिस्तीत. मी रांगेत उभी राहून विचार करत होते की यापेक्षा आमच्या दुकानात बिल करताना जास्त आवाज असतो.

माझं नाव आलं. मी चढले. आणि मागच्या बाजूने टाळ्यांचा आवाज आला. एकाच माणसाच्या टाळ्या. जोरात, सावकाश, तळहात उघडे ठेवून वाजवलेल्या. मी वळून पाहिलं. बाबा उभे होते. आयुष्यभर सांगितलेलं ऐकणारा माणूस, भरल्या सभागृहात सगळे बसलेले असताना एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता. एक स्वयंसेवक त्यांच्याकडे हात करून बसा बसा म्हणत होता. बाबांना तो दिसत होता, हे मी खात्रीने सांगते. ते बसले नाहीत. मग शेजारी आई उठली. मग त्यांच्या रांगेतले कुणी कुणी, ओळख ना पाळख, तेही वाजवायला लागले.

प्रमुख पाहुण्यांनी फाइल माझ्या हातात दिली आणि विचारलं, "वडील का?"

"हो सर," मी म्हटलं. फोटोत मी रडकी दिसते. तो फोटो तसाच फ्रेम केला आहे.

माझ्यानंतर प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकांनी पुन्हा एकदा विनंती केली, मग सोडून दिलं.

संध्याकाळी आम्ही लॉनवर पोचलो तेव्हा डेकोरेशनवाल्याने स्टेज सजवून ठेवलं होतं आणि सवयीने मधोमध दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. लाल मखमलीच्या, सोनेरी पाठीच्या, राजाराणीच्या. चूक त्याच्याच लक्षात आली.

"सॉरी मॅडम. एक उचलून घेऊ का?"

मी एका खुर्चीवर बसून पाहिलं. शेजारची रिकामी खुर्ची माझ्याकडे बघत होती असं कोणालाही वाटलं असतं. मला ती फक्त खुर्ची वाटली.

"राहू द्या. ज्याला फोटो काढायचा तो बसेल."

सुरुवातीला खरंच कोणी नव्हतं. पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्यांच्या ओळी, चाट काउंटरवर हात बांधून उभी मुलं, आणि स्पीकरवर सनई. आई सारखी गेटकडे बघत होती. मग बिजागरीवाला सुतार आला. इस्त्रीचा शर्ट, सोबत बायको आणि त्याची सासू. त्याने मला पाकीट दिलं, बायकोने गुलाबाचं फूल दिलं, आणि सासू सरळ स्टेजवर चढून रिकाम्या खुर्चीवर बसली. "काढ फोटो," फोटोग्राफरला म्हणाली. तिथून सुरुवात झाली. माझ्या वर्गातली, माझ्यापेक्षा वयाने मोठी एक मैत्रीण आली. दोन मुलं वाढवून, नर्सची नोकरी करून तिने पदवी घेतली होती. तिच्या घरी कोणी साधा पेढाही आणला नव्हता. ती खुर्चीवर बसली तेव्हा मी उठून माझा हार तिच्या गळ्यात घातला. शेजारणी आल्या, सगळ्या. आरा मशीनवरचे लोक आले, थोडे लांब उभे राहिले, मग बाबांनीच त्यांना हाताला धरून जेवायला नेलं. नातलगांच्या ओळी रिकाम्या राहतील म्हणून ज्या खुर्च्या आईने मागे सरकवायला सांगितल्या होत्या, त्या आता परत पुढे आणाव्या लागल्या.

जेवणं अर्ध्यावर आली होती तेव्हा गेटातून एक बाई एकटीच आत आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आई माझ्या कानात म्हणाली, "बाई आल्या वं." मोठी आई होती. मौद्याहून बसने, एकटी. तिला मी आयुष्यात एकटीने प्रवास करताना पाहिलं नव्हतं.

मी स्टेजवरून खाली धावले. "मोठे बाबा?"

"घरी हायेत."

"त्यांना माहीत आहे?"

"चोरून कायले येऊ? मी चालली म्हणून सांगितलं. ते म्हणे, जाऊ नको. म्या म्हटलं, इतकी वर्षं नाही गेली. आता चालली." तिने श्वास घेतला. "बस लय हळू चालवून राहिला होता मेला."

ती स्टेजवर चढली. पिशवीतून नारळ, ब्लाउजपीस आणि मूठभर तांदूळ काढले आणि मला म्हणाली, "पदर धर."

आई घाबरली. ओटी सवाष्णीची भरतात. लग्न न झालेल्या मुलीची भरताना मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. "बाई, अहो, तिचं अजून लग्न..."

"तं काय झालं?" मोठी आई म्हणाली. "पोरगी वकील झाली. तिची ओटी रिकामी ठेवू?"

मी ड्रेसवर होते, म्हणून ओढणी पसरली. तिने तांदूळ टाकले, नारळ ठेवला, कुंकू लावलं. मग मखमली खुर्चीकडे बघितलं.

"इथं बसू का?"

"बसा ना."

ती टेकली, आधी अगदी काठावर, मग मागे. हातावर हात ठेवला. "माह्या लग्नात मी झोपली होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लहान होती. मामाने उचलून उभी केली मले. खुर्ची नव्हती, फोटोही नव्हता." फोटोग्राफर म्हणाला, "आजी, थोडं हसा." ती हसली नाही. सरळ कॅमेऱ्यात बघत राहिली. नंतर मी तो फोटो मोठा करून तिला नेऊन दिला. तिने तो बैठकीत लावला आहे, मोठे बाबा जिथे बसतात त्याच्या समोरच्या भिंतीवर.

मोठे बाबा माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. मीही गेले नाही समजूत काढायला. माझ्या हातून चूक झाली असती तर गेले असते. सनद मिळाली, मी कोर्टात जायला लागले, दुपारनंतर दुकानही चालूच. आता सुतार मला बिजागऱ्यांबरोबर भाडेकराराचंही विचारतात.

पुढच्या उन्हाळ्यात खाप्याला आत्याच्या मुलीचं लग्न होतं. सगळं गोत्र जमलं होतं. मोठे बाबा मांडवात मध्यभागी बसले होते. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी हात वर केला, बोलले नाहीत. जेवणाच्या पंगतीत आत्या माझ्या शेजारी बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझं रिसेप्शन लय झकास झालं म्हणे वं. आम्हाले बोलावलं असतं तं आलो असतो."

पूर्वीची मी असते तर हसून सोडून दिलं असतं. आईसारखं.

"बोलावलं होतं, आत्या," मी म्हटलं. "पत्रिका घरी येऊन दिली होती. तुम्ही आला नाहीत."

आत्या पानातली भजी उगाच इकडची तिकडे करायला लागली. मला वाटलं, आता आई माझ्या मांडीला चिमटा काढेल. आईने वाढप्याला हाक मारली, स्वतःच्या पानात आणखी एक भजं घेतलं आणि आत्याकडे बघत शांतपणे म्हणाली,

"जेवण लय चांगलं झालं होतं. तुम्ही मुकलात."